वारा पुढे काय म्हणाला

९ जानेवारी

प्रिय आजोबा,

फोनवर बोलणं म्हणजे पाण्यावर पाटी रंगवणं, असं तुम्ही म्हणालात, म्हणून पत्र लिहायला बसलेय. माझ्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत, एवढं आधी कबूल करा.

हल्ली शनिवारची सकाळ माझी कुठे जाते ते सांगते. बस डेपोच्या मागे एक लांबट हॉल आहे. पूर्वी तिथं मुलं बॅडमिंटन खेळायची, जमिनीवर पांढऱ्या रेघा अजून दिसतात. ज्यांच्या घरी धान्य पुरत नाही त्यांना तिथं आठवड्याचा शिधा मिळतो. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, कांदे, बटाटे, असला तर साबण. कॉलेजनं समाजसेवेचे तास सक्तीचे केलेत म्हणून मी गेले. आपणहून गेले असं आईला वाटतंय, तिचा गैरसमज तुम्ही दूर करू नका.

सगळा कारभार सिस्टर बघतात. इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सारखी हसतेस कशाला? हे लोक काय तुझ्या लग्नाला आलेत? वजन नीट कर."

त्यांचे नियम ऐका. कुणाला नाव विचारायचं नाही. फोटो नाही. पिशवी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते तसली साधी, आणि वाण्याच्या पिशवीत जे नसतं ते आपल्याही पिशवीत नको. मागे कुणीतरी तेलाच्या बाटल्या दिल्या, त्यांवर 'सप्रेम भेट' असं चिकटवलेलं होतं. सिस्टरनी आम्हाला बादलीभर कोमट पाणी दिलं आणि सगळे कागद खरवडायला बसवलं. लोक इथून निघाले की बाजार करून निघाल्यासारखे दिसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. दारावर पाटीसुद्धा नाही. जन्मभर पाट्या रंगवलेल्या तुम्हाला हे वाचवणार नाही, माहीत आहे.

नावं नाहीत म्हणून आम्ही मनातल्या मनात ठेवतो. एक निळ्या स्वेटरवाल्या काकू येतात. बाकड्यावर बसून आमच्या पिशवीतलं सगळं स्वतःच्या कापडी पिशवीत भरतात, तेल खाली, कांदे वर, अगदी मंडईतून आल्यासारखं. मान वर करत नाहीत. गेल्या वेळी त्या "येते हं" म्हणाल्या आणि मीच म्हणाले, "थँक्यू." माझ्याबरोबर वजन करणारा लंबू अजून चिडवतोय. पण घरी आल्यावर ताट पुढ्यात आलं तेव्हा मला त्यांची खाली घातलेली मान आठवली आणि कसंसंच झालं. हे कुणाला सांगायचं कळेना, म्हणून तुम्हाला.

तुमची,
मुंगी


१३ जानेवारी

चि. मुंगी,

तुझं पत्र खिडकीत बसून दोनदा वाचलं. अक्षराबद्दल मी काही बोलत नाही, कबूल केलंय. फक्त 'शिधा'मधला 'ध' जरा पोटाशी धर, तो पळायला निघालाय.

तुला मुंगी नाव मीच ठेवलं. रांगतानासुद्धा तू काहीतरी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचीस, माझे ब्रश, आजीचा चष्मा. आता पिशव्या उचलतेस. स्वभाव जात नाही, आणि जाऊही नये.

पण पाटी नाही? बाळा, मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं मोठी करून लिहिली. शिंप्याची, दाताच्या डॉक्टरची, एका सायकलवाल्याची तर तीनदा, कारण तो दरवेळी भागीदार बदलायचा. भल्या कामाला नाव नसावं हे माझ्या हाताला पटत नाही. असो. सिस्टरबाईंच्या वॉर्डात मी कशाला तोंड घालू.

मला दुसरंच सुचलंय. पोटाला तुम्ही देता, मनाला काय देता? माझी शाळा सातवीत सुटली. पण त्या सात वर्षांत मास्तरांनी कानात जे ओतलं त्यावर मी म्हातारा झालो. शेवटच्या तासाला ते फळा पुसायचे, हात झटकायचे, आणि खडूची पांढरी भुकटी तिरप्या उन्हात तरंगत असताना डोळे मिटून कविता म्हणायचे. घरी काय वाढून ठेवलंय, ठेवलंय की नाही, याचा तेवढा वेळ विसर पडायचा. ते ऊन मला अजून दिसतं.

म्हणून काही चिठ्ठ्या लिहून पाठवतोय. मोठा ब्रश आता हातात थरथरतो, पण बोरू अजून ऐकतो. प्रत्येक पिशवीत एक टाक. यातली ही माझी सगळ्यात लाडकी:

डोंगर चढुनी आला वारा, दारी जरा थबकला,
म्हणे, लेकरा, दूर गाव पण कसा विसरू मी तुला.

पहिली ओळ जशीच्या तशी मास्तरांची. दुसरीचा शेवट कधीच घरंगळून गेला होता, तिथं मी माझ्या हातचा रंग भरलाय. पाटीचा एखादा टवका उडाला की भरतो तसा. कुणाला कळतंय.

सिस्टरबाईंना विचारून बघ. नाही म्हणाल्या तर, अगं, कागदाला वजन ते कितीसं.

आजोबा


२५ जानेवारी

प्रिय आजोबा,

विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, आणि मग टाकणं म्हणजे सरळ अवज्ञा झाली असती. न विचारता टाकलं तर ती नुसती विसरभोळी पोरगी ठरते. हे तर्कशास्त्र तुमच्याकडूनच आलंय.

चिठ्ठ्या पिठाच्या पुड्याला टेकवून उभ्या ठेवल्या. अर्ध्या पिशव्या झाल्या आणि मागून सिस्टर आल्या. एक चिठ्ठी उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचली. माझा जीव टांगणीला.

"कुणाचं अक्षर?"

"आजोबांचं."

"हं," म्हणाल्या आणि चिठ्ठी होती तिथं ठेवून बटाट्यांकडे गेल्या. हं म्हणजे हो, असं मी धरलं.

आणि काल काय झालं ऐका. निळ्या स्वेटरवाल्या काकू सामान भरता भरता, मान खालीच, हळूच म्हणाल्या, "तो कागद याही वेळी आहे का?"

मी म्हटलं, "आहे ना. तुम्हाला आवडला?"

"माझा मुलगा जपून ठेवतो. तिसरीत आहे. खाटेशेजारी भिंतीला लावलाय."

मग त्या हसल्या, आजोबा. पहिल्यांदाच. ओठ घट्ट मिटून, चोरून, पण हसल्या. मला वाटलं, धावत येऊन तुम्हाला सांगावं. कॉलेजच्या तासांचं मला भानच राहिलं नाही. आणखी पाठवा. वाऱ्याची जास्त.

मुंगी


२ फेब्रुवारी

चि. मुंगी,

त्या मुलाची भिंत मला दिसायला लागलीय. रंग थोडा उडालेला, उशाशी खिडकी, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात माझा कागद. मोठमोठ्या दुकानांवर माझी अक्षरं टांगली गेली, पण कुणाच्या उशाशी कधी गेली नव्हती.

सोबत गठ्ठा पाठवतोय. वाऱ्याची मुद्दाम पुष्कळ लिहिली. शेजारची शिवणवाली उसवलेली उशी शिवून द्यायला आली होती, म्हणाली, "आजोबा, या वयात शाळेत शिक्षा झाली की काय? एकच ओळ किती वेळा लिहिताय?"

मी म्हटलं, "तू एकच टाका किती वेळा घालतेस?"

"मला त्याचे कुणीतरी पैसे देतं," म्हणाली. तिला उत्तर देत बसलं तर दिवस जाईल.

एक गंमत. पाटी पुरी झाली की कोपऱ्यात बारीक अक्षरात रंगाऱ्यानं स्वतःचं नाव टाकायची आमच्यात रीत. चिठ्ठीवरही टाकावं असं मनात आलं होतं. 'एक आजोबा' एवढंच. बोरू उचललाही होता. पण म्हटलं नको. वाऱ्यावर आलेल्या ओळीला सही कशाला? कुठून आली ते न कळण्यातच तिची गोडी आहे. मुलानं डोळे मिटून ऐकावं आणि ज्याचा वाटेल त्याचा आवाज धरावा.

आजोबा


१ मार्च

प्रिय आजोबा,

उशीर झाला, माफ करा. परीक्षा आहे आणि सर्दीही झालीय. हॉलवर सगळं ठीक. चिठ्ठ्या आहेत पुरेशा, आणखी लिहू नका. तुमचा हात दुखेल.

आईनं तुमच्यासाठी लोकरी मोजे घेतलेत, ती पाठवेल.

मुंगी


७ मार्च

चि. मुंगी,

माझ्या हाताची काळजी करणारी तू शहाणी. पण हात दुखतो तो बसून राहिला की. म्हणून तुझं न ऐकता आणखी एक गठ्ठा धाडतोय. सर्दीला गरम पाण्याची वाफ घे आणि परीक्षेला सर्दी झाली असं कुणाला सांगू नकोस, ते जुनं निमित्त आहे. मीही वापरलंय.

तुझं पत्र फार आखूड होतं. सिस्टरबाई राबवून घेत असणार. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि आता मुख्य बातमी ऐक. मी पाटी करतोय. हो, तुमच्या हॉलची. माळ्यावर चांगला जाड पत्रा होता, तो घासला, अस्तराचा हात दिला, आता वाळत ठेवलाय. मजकूर ठरवला नाही, पण वाऱ्याचीच ओळ घालावी असं मनात आहे. आकाशी जमिनीवर पांढरी अक्षरं. रस्त्यानं जाणारा क्षणभर थांबेल आणि त्याला कळेल की इथं कुणीतरी कुणाला विसरत नाही.

थंडी ओसरली की स्वतः घेऊन येतो. त्या मुलाला लांबून बघेन म्हणतो. बोलणार नाही. नुसता बघेन.

आजोबा


११ मार्च

प्रिय आजोबा,

पत्रा रंगवू नका. घरी केव्हाही या, पण हॉलवर नको. आता सांगायलाच हवं. मागच्या पत्रात मी 'सगळं ठीक' लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला ते लिहायची लाज वाटत होती.

फेब्रुवारीच्या मध्यावर निळ्या स्वेटरवाल्या काकू हॉल बंद होताना आल्या. रांग संपली होती, मी जमीन झाडत होते. त्यांनी टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या. भिंतीवरून काढलेल्या, कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"हे कोण लिहितं, ताई?"

"माझे आजोबा. का हो, काय झालं?"

त्या बाकड्यावर बसल्या आणि सांगायला लागल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांचा नवरा कामासाठी लांब गेलाय. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग बंद. मुलाला त्यांनी ते कळू दिलं नाही. घरात येणारं सामान बाबांनी पाठवलेल्या पैशांतून आणते, असं त्या सांगत आल्या. आपली पिशवी वाण्याच्या पिशवीसारखी असते, म्हणून ते निभत होतं. मग त्या पिशवीत चिठ्ठी निघाली. 'म्हणे, लेकरा, दूर गाव पण कसा विसरू मी तुला.' मुलानं विचारलं, बाबांनी लिहिलंय?

"मी हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "काय म्हणणार होते? त्याचा चेहरा बघितला आणि हो म्हणून गेले. मग दर शनिवारी तो पिशवीला आधी झडप घालायचा."

त्याच्या वर्गात बाईंनी पुस्तकाबाहेरची कविता म्हणायला सांगितली. हा उभा राहिला, म्हणाला, माझे बाबा मला लिहून पाठवतात, आणि वाऱ्याची म्हणून दाखवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ही तर आमच्याकडेही आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं आणून दाखवली. तोच कागद, तेच अक्षर. त्याच्या घरचेही आपल्याकडे येतात, आजोबा. आपल्या पिशवीत वाण्याच्या पिशवीत नसणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी टाकली होती.

मला वाटलं, मुलं त्याला शिध्यावरून चिडवत असतील. तसं झालं नाही. झालं ते निराळंच. तो घरी आला, जेवला नाही, आणि आईला विचारलं, "बाबांचं दुसरं घर आहे का? तो मुलगा पण त्यांचाच आहे का?"

काकू मला म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा, ताई. पिशवी कुठून येते ते सांगू, की बापानं दुसरं घर केलंय असं समजू देऊ? या दोन्हीशिवाय काही असलं तर सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात."

माझ्या हातात झाडू होता. मी तो भिंतीला टेकवला. त्या उठल्या. त्यांची पिशवी भरून ठेवली होती, ती न घेता गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत. एकही शनिवार नाही.

मी दर वेळी त्यांची पिशवी बाजूला काढून ठेवते. हॉल बंद होताना सिस्टर ती परत फळीवर रिकामी करतात. घरात काय शिजत असेल, मला कळत नाही. मी सिस्टरना म्हटलं, पत्ता शोधून नेऊन देते. त्या म्हणाल्या, "पिशवी घेऊन तिच्या दारात उभी राहणार? म्हणजे वर्गाला कळलं नाही ते आता गल्लीला कळू दे." मी रडायला लागले तेव्हा त्या बटाट्यांच्या पोत्यावर बसल्या. "मी वाचली होती ती चिठ्ठी," म्हणाल्या. "काढून टाकायला हवी होती. मला आवडली, म्हणून ठेवली. सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस, थोडा मला राहू दे."

तुमचा अर्धा उरलेला गठ्ठा आणि नवा, दोन्ही माझ्या कपाटात आहेत. उघडवत नाहीत.

मुंगी


२० मार्च

चि. मुंगी,

तुझं पत्र येऊन काही दिवस झाले. रोज बसत होतो, रोज उठत होतो.

पत्रा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

विचारून बघ, असं लिहून मीच पुढच्या ओळीत तुला विचारू नकोस असं सुचवलं होतं. कागदाला वजन कितीसं, म्हणालो. ते आता मला कळलं. त्या घरात ते कुणाला उचलायला लागलं, तेही कळलं.

आणि सही. जन्मभर दुसऱ्याच्या पाटीच्या कोपऱ्यात नाव टाकलं. जिथं टाकायला हवं होतं तिथं बोरू उचलून खाली ठेवला. का, तर गोडी. 'एक आजोबा' एवढे दोन शब्द असते तर त्या मुलानं विचारलंच नसतं. ज्याचा वाटेल त्याचा आवाज धरावा असं मी लिहिलं होतं ना? त्यानं धरला.

सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? मास्तरांचा वारा दारात थबकतो, एवढंच मला खरं आठवतं. तो काय म्हणतो ते मी विसरलोय. 'कसा विसरू मी तुला' हे माझं. विसरलेल्या जागेवर मी 'विसरत नाही' असं लिहिलं, आणि ते त्यानं बापाचं वचन म्हणून भिंतीला लावलं.

शिवणवालीला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती समजूत घालेल. ती सुई ओवत म्हणाली, "आता थोडे दिवस काही लिहू नका. सगळीकडे आपलं अक्षर कशाला?" मी रागावून घरी आलो. आणि तरी सोबत एक पत्र पाठवतोय, त्या मुलासाठी. मी कोण, चिठ्ठ्या कुणी लिहिल्या, त्याचे बाबा यात कुठेच नव्हते, आणि मी त्याची माफी मागतो, असं सगळं सोप्या शब्दांत आहे. वर नावाची जागा कोरी सोडलीय. त्या बाई परत आल्या तर मुलाचं नाव विचार आणि तू घाल. या वेळी तरी ते त्याच्याच नावानं जाऊ दे.

आजोबा


५ एप्रिल

प्रिय आजोबा,

त्या आल्या.

काल, रांगेत अगदी शेवटी. स्वेटर नव्हता, ऊन तापायला लागलंय, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. सोबत तो. कान मोठे आहेत, दप्तर पाठीवर, शाळा नसताना. सिस्टरनी बघितलं आणि मला म्हणाल्या, "पिशवी दे. चेहरा सरळ ठेव."

काकू म्हणाल्या, "सांगितलं त्याला. दोन्ही. पिशवी इथून येते, आणि बाबा लिहीत नाहीत, पाठवतही नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज म्हणाला, मी येतो, मी उचलतो."

तुमचं पत्र माझ्या ओढणीत धरलेलं होतं. मी म्हटलं, "काकू, याचं नाव काय? माझ्या आजोबांनी याला..."

त्या लगेच म्हणाल्या, "नाव कशाला? इथं नाव विचारत नाहीत म्हणून तर मी येते." रागावल्या नाहीत. दमल्यासारख्या बोलल्या. मी पत्र ओढणीत तसंच दाबून धरलं. सोबत परत पाठवतेय. तुम्हाला लागेल, पण ते त्याला देणं म्हणजे पुन्हा आपलंच ओझं हलकं करणं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. चुकलं असेल तर तसं लिहा.

तो बाकड्यावर बसला. आईनं कापडी पिशवी काढली, त्यानं ती घेतली नाही. हॉलचीच पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. कांदेसुद्धा एकेक. पार तळापर्यंत हात घातला. काही नव्हतं. सगळं परत भरलं, तेल खाली, कांदे वर. मग टेबलापाशी आला.

"कोण लिहायचं?"

"माझे आजोबा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे."

"त्यांना मी माहीत होतो?"

आजोबा, हो म्हणणं फार सोपं होतं. तुम्ही त्याची भिंत, उशी, खिडकी सगळं मनात बघितलं होतं, म्हणजे थोडंसं खरंही होतं. पण त्याला एकदा 'हो' मिळालाय आणि त्याचं काय झालं ते मला माहीत आहे.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यासारखा कुणीतरी आहे, एवढंच माहीत होतं."

त्यानं विचार केला. "मग वारा कुणाला म्हणाला?"

मी टेबलावरचा तराजू उगाच सरळ केला.

"आणि पुढे काय म्हणाला? दोनच ओळी आहेत. कविता एवढी छोटी नसते. बाईंनी पुढची विचारली होती."

"आजोबांना विचारते," मी म्हटलं.

"शनिवारी सांगा," म्हणाला, आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून निघाला. आई मागून. लपवली नाही त्यानं. पण मिरवलीही नाही. जड होती म्हणून तशी धरली होती.

सिस्टर म्हणाल्या, "आता पुढची ओळ असू दे म्हणजे झालं."

लवकर लिहा, आजोबा. खरंच आहे का पुढे काही?

मुंगी


९ एप्रिल

चि. मुंगी,

माझं पत्र परत केलंस ते बरोबर केलंस. लागलं. तरी बरोबर.

तुझं पत्र वाचल्यावर मी पेटी काढली, जुने कागद काढले, काही मिळालं नाही. मग डोळे मिटून मास्तरांना समोर उभं केलं. त्यांनी फळा पुसला, हात झटकले, खडूची भुकटी उन्हात तरंगली, ते 'दारी जरा थबकला'पर्यंत आले आणि थांबले. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा मी बसून पुढच्या ओळी केल्या. चांगल्या झाल्या गं. वृत्तात बसल्या, यमक जुळलं. एकीत तर वारा मुलाला सांगतो की मी पुन्हा येईन. मोठ्यानं म्हणूनही बघितल्या. शिवणवालीला दाखवल्या. ती म्हणाली, "छान आहेत. खऱ्या आहेत का?"

फाडून टाकल्या.

त्याला असं सांग. आजोबांना पुढची ओळ माहीत नाही. त्यांनी ती लहानपणी ऐकली होती आणि ते विसरले. दुसऱ्या ओळीतलं 'कसा विसरू मी तुला' हे वाऱ्याचंही नाही, कवितेचंही नाही, ते आजोबांनी घुसडलं. वारा खरं काय म्हणाला आणि कुणाला म्हणाला, ते त्यांना माहीत नाही. एवढंच सांग. वर काही गोड लावू नकोस, आणि 'आजोबांना फार वाईट वाटतं' असं तर मुळीच म्हणू नकोस. माझं वाईट वाटणं त्याच्या पिशवीत नको. तिला आधीच पुष्कळ वजन आहे.

तो रागावला तर रागावू दे. बाईंना सांगून टाक म्हणावं, की एका रंगाऱ्यानं चूक केली, पुढची ओळ नाही.

कपाटातले गठ्ठे आईला दे, तिला चूल पेटवायला होतील. पत्रा शिवणवालीला दिला. तिच्या खिडकीतून मशीनवर ऊन यायचं, तिथं लावलाय. कोरा आहे, पण कामाला आलाय.

शनिवारी त्याची पिशवी भरून ठेव. पीठ जरा जास्त घाल, सिस्टरबाईंची नजर चुकवून नव्हे, त्यांना विचारून.

आणि ऐकून तो काय म्हणाला, ते मला कळवायलाच हवं असं नाही. मी वाट बघेन. तरीही.

तुझा आजोबा, पाट्या रंगवणारा